‘दंडात चिप बसवतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, महिला मंडळांच्या, अगदी द्राक्षबागायतदारांच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सरकारी दवाखान्यात तरुण बायकांच्या दंडात ‘चिप’ बसवतात, त्यानं मूल होणं कायमचं बंद होतं, पाळी थांबून घाण रक्त आत साचतं आणि गाठी होतात, परदेशात बंदी आलेला माल आपल्या लेकीसुनांच्या माथी मारला जातोय, आणि एकदा बसवली की ती कोणी काढून देत नाही, असा त्याचा सारांश. मी सिडकोत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हल्ली ओपीडीत तपासणी आटोपली की मोबाइल पुढे येतो, “मॅडम, हे खरंय का?” सासूबाई सोबत असतील तर प्रश्न त्याच विचारतात. यातले बहुतेक मुद्दे खोटे किंवा अर्धवट आहेत. शेवटचा मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही.

चिपचं आधी उरकते. ती मऊ प्लास्टिकची गर्भनिरोधक कांडी असते, चार सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड, म्हणजे साधारण काडेपेटीतल्या काडीएवढी. तिच्यात एटोनोजेस्ट्रेल नावाचं ६८ मिलिग्रॅम हार्मोन असतं आणि एक्स-रेत दिसावी म्हणून थोडं बेरियम. बॅटरी नाही, सिग्नल नाही. दंडाच्या आतल्या बाजूला, जागा बधिर करून, कातडीच्या लगेच खाली ती सरकवतात. हार्मोन थोडं थोडं रक्तात उतरतं, स्त्रीबीज बाहेर पडणं थांबतं, पिशवीच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो. असं तीन वर्षं चालतं. हजार बायकांनी वर्षभर वापरली तर दिवस जातात जेमतेम एकीला. रोजची गोळी प्रत्यक्षात जशी घेतली जाते, म्हणजे मधूनमधून विसरून, तशी घेतल्यास हेच प्रमाण शंभरात सात आहे.

‘मूल होणं कायमचं बंद’ ही भीती कुठून आली असावी, याचा मला अंदाज आहे. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून ‘अंतरा’ नावाचं तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन मिळतं. ते बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. कुणाच्या जावेला असा उशीर झाला, घरात कुजबूज झाली, आणि तीच गोष्ट आता कांडीला चिकटली. कांडीचं गणित वेगळं आहे. ती काढल्यावर आठवडाभरात औषध रक्तात सापडेनासं होतं आणि बहुतेकींचं स्त्रीबीज काही आठवड्यांत पुन्हा सुटू लागतं. लवकरच दुसरं मूल हवं असणारीला मी इंजेक्शनपेक्षा कांडीच सुचवीन. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत तशी मुभा आहे.

नाशिक जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका ऑक्टोबर छाटणीला दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, मग काढणी, मुक्काम या मळ्यातून त्या मळ्यात. इंजेक्शनची तारीख आली की ही बाई गावापासून कितीतरी लांब, हातात कार्ड नाही, रोजगार बुडवून दवाखाना गाठणं परवडत नाही. तारीख हुकते आणि पुढच्या हंगामाला ती पोटुशी असते. पिशवी साफ करायला आलेल्या अशा बाईला ‘गोळ्या का नाही घेतल्या’ असं विचारणं फार सोपं आहे. पाळणा लांबवायचा आणि रोज काही लक्षात ठेवायचं नाही, अशी सोय तिला तांबी (कॉपर-टी) देते आणि कांडी देते. तांबीला अनेकींचा नकार असतो, कारण त्यासाठी आतून तपासणी करावी लागते.

आता घाण रक्ताचं. हा मुद्दा मेसेजमध्ये सर्वांत चुकीचा मांडलाय, आणि खरी तक्रार नेमकी त्याच्याच शेजारी आहे. पाळीत जातं ते पिशवीचं अस्तर. कांडीमुळे अस्तर पातळच राहतं, त्यामुळे बाहेर पडण्यासारखं काही तयारच होत नाही. साचणार काय? साधारण पाचातल्या एकीची पाळी थांबते, त्यात बिघाड काही नाही. खरा त्रास उलटा आहे. काहींना थोडंथोडं अंगावरून जात राहतं, आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस, कधीही. कांडी मुदतीआधी काढून घेण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, अभ्यासांत सुमारे दहातल्या एकीनं ती याच कारणासाठी काढलेली दिसते. ज्या घरात पाळीत देवाला शिवायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही, तिथं पंधरा दिवस डाग म्हणजे पंधरा दिवस बाजूला बसणं. हे बसवण्याआधी सांगितलं नाही तर बाईचा विश्वास उडणारच, आणि मग ती मेसेजवर विश्वास ठेवते याचा दोष मी तिला देणार नाही. बाकी डोकेदुखी, मुरमं, स्तन दुखणं, थोडं वजन वाढणं हेही काहींना होतं.

गाठींबाबत एवढंच. हार्मोनच्या साधनांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलंय. तरुण वयात मुळातला धोकाच कमी, त्यामुळे ही वाढही लहान राहते. पण जिला हा कर्करोग आहे तिला कांडी देऊ नये आणि पूर्वी होऊन गेला असेल तरी टाळावी.

परदेशातल्या बंदीची कथा नॉरप्लांटची आहे. ते सहा नळ्यांचं जुनं साधन. फिनलंडमध्ये १९८३ साली मंजूर झालं, अमेरिकेत १९९० मध्ये आलं. सहा नळ्या काढताना त्रास व्हायचा, व्रण राहायचे, खटले झाले, आणि २००२ मध्ये कंपनीनं तिथली विक्री थांबवली. बंदी नव्हती. आताच्या एका कांडीला त्याच अमेरिकेनं २००६ मध्ये मान्यता दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२३ मध्ये काही राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांपासून सुरुवात केली. म्हणजे नाकारलेला माल आपल्याकडे आला हे खोटं. चांगला माल फार उशिरा आला, ही माझी तक्रार आहे.

राहिलं ते ‘काढून देत नाहीत’. कायद्यानं किंवा नियमानं कुणी अडवू शकत नाही, तीन वर्षं पूर्ण करायची सक्ती नाही, नवऱ्याची सही लागत नाही. पण या महाराष्ट्रानं १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या नसबंदी शिबिरांत ऑपरेशन झालेल्या १३ बायका दगावल्या, त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं बंद करायला सांगितलं. सरकारी दवाखान्याबद्दलचा संशय आभाळातून पडलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशात स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के दिसते. ‘सगळं बायकांच्याच अंगावर का’ असं मेसेज पाठवणाऱ्यानं विचारलं असतं तर मी तो मेसेज स्वतः पुढे पाठवला असता.

इथिओपियानं २००९ पासून गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांकरवी कांडी घरोघर पोचवली. बसवायला त्यांना शिकवलं होतं, काढायला नाही. मुदत संपलेल्या बायकांना मग काढणाऱ्याच्या शोधात लांब जावं लागलं. आपल्याकडे हेच होऊ शकतं. बसवण्याची आकडेवारी वरच्या बैठकीत विचारली जाते, काढलेल्यांची कोण विचारतो? म्हणून माझं म्हणणं असं की जिथं काढणारा प्रशिक्षित माणूस नाही, तिथं बसवायलाही सुरुवात करू नये. नीट बसवलेली कांडी काढायला दोन-तीन मिलिमीटरचा छेद आणि काही मिनिटं पुरतात. खोल गेलेली शोधायला मात्र सोनोग्राफी आणि अनुभवी हात लागतो. क्वचित ती जागेवरून सरकलेलीही सापडली आहे.

तेव्हा बसवून घेणार असाल तर आधी विचारा, मला मध्येच नको झाली तर कोण काढणार, कुठं, कोणत्या वारी. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटोइन, कार्बामाझेपीन ही औषधं सुरू असतील तर सांगा, त्यांनी कांडीचा परिणाम कमी होतो. बसवून झाल्यावर दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती चाचपून बघा. लागत नसेल तर तिथंच सांगा, एक्स-रे करून घ्या, आणि ती जागेवर आहे हे कळेपर्यंत निरोध वापरा.