चौथा रकाना

साहेबांनी माझा अहवाल चाळला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकच शब्द उच्चारला, "पर्फंक्टरी."

मी म्हणालो, "थँक यू, सर."

माझ्या बाजूने एवढंच सांगतो की शब्दाची सुरुवात 'परफेक्ट'सारखी होती. पुढचं शेपूट कौतुकाच्या भरात लागलं असेल असं मला वाटलं. साहेब क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मला तो त्यांच्या नजरेतला जिव्हाळा वाटला. घरी येऊन कोश उघडला तेव्हा कळलं : उरकून टाकलेला, वरवरचा, पाट्या टाकल्यासारखा. म्हणजे पाट्या टाकल्याबद्दल मी साहेबांचे आभार मानले होते, तेही किंचित वाकून.

त्याच रात्री मी एक दोनशे पानी वही काढली आणि पट्टी घेऊन पानापानावर तीन उभ्या रेघा मारल्या. चार रकाने झाले : शब्द, अर्थ, उच्चार, वाक्य. रोज पाच शब्द. रेघा मारण्यातच अकरा वाजले, त्यामुळे पहिल्या दिवशीचे पाच शब्द दुसऱ्या दिवशीवर गेले. तिथून जी थकबाकी सुरू झाली ती आजतागायत फिटलेली नाही.

पहिल्या रकान्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शब्द सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचा. माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक अभ्यासाचा एवढा भाग नेहमीच उत्तम झालेला आहे.

खरी गंमत दुसऱ्यात. 'फॅस्टिडियस'समोर कोशाने अर्थ दिला होता, 'दुराराध्य'. आता हा शब्द कळायला मराठी कोश काढावा लागला. ज्याची आराधना कठीण, ज्याला खूश करणं महामुश्कील, तो दुराराध्य. हे आधी सांगितलं असतं तर चेहरा डोळ्यांसमोर आणून एका मिनिटात पाठ केला असता. 'नॉस्टॅल्जिया'समोर होतं 'गतकातरता'. मी आतल्या खोलीकडे बघून ओरडलो, "अगं, गतकातरता म्हणजे काय?" आतून उत्तर आलं, "अहो, नॉस्टॅल्जिया!"

म्हणून इंग्रजी-इंग्रजी कोशाकडे वळलो. तिथे 'ऑब्स्टिनेट'ला विचारलं की तो 'स्टबर्न'कडे पाठवतो, आणि 'स्टबर्न'च्या खिडकीवर गेलं की तो म्हणतो, 'ऑब्स्टिनेट'ला भेटा. दोघांचाही अर्थ हट्टी, आणि दोघेही त्याला जागतात, हे मात्र मानलं पाहिजे.

त्यातून काही शब्द दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभे. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, आणि 'सँक्शन' म्हणजे निर्बंध. साहेबांनी माझी रजा सँक्शन केली, म्हणजे नेमकं काय केलं? 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि 'ओव्हरसाइट' म्हणजेच नजरचूक. ज्याच्याकडे देखरेख असते त्याच्याच हातून नजरचूक होते, हे इंग्रजांनी एका शब्दात कबूल करून टाकलंय. आणि 'सेट'? हे तीन अक्षरांचं चिमुरडं मी पाचव्या शब्दाला घेतलं, लवकर उरकेल म्हणून. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 सालच्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे 430 अर्थ आहेत. रोज पाच अर्थ धरले तरी 86 दिवस. मी त्या ओळीवर 'नंतर पाहू' असं लिहून ठेवलं. हे वहीतलं माझं पहिलं मराठी वाक्य.

अशा वेळी मोल्सवर्थची आठवण होऊन शरम वाटते. परक्या देशातून आलेल्या या गृहस्थाने मराठीचे शब्द गोळा करून इंग्रजीत अर्थ दिले, आणि 1857 सालच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत आकडा 60,000 च्या घरात नेला. माझ्या वेगाने, रविवार धरून, त्याला तेहतीस वर्षं लागली असती. तोपर्यंत साहेब निवृत्त झालेले असतील या विचाराने बरं वाटलं. मीही झालेला असेन, हे जरा उशिरा लक्षात आलं.

तिसरा रकाना उच्चाराचा. इथे आपण मराठी माणसं छाती फुगवतो : आमच्याकडे लिहितो तसंच वाचतो! खरं तर आपणही काही अगदी सोवळे नाही. 'जग' हा शब्द लिहून दाखवा आणि विचारा, ही दुनिया आहे की 'जगून घे' असा सल्ला? दोन्हींतला 'ज' वेगळा, अक्षर तेच. पण इंग्रजीने हा प्रकार फारच मनावर घेतलाय. 'डेट' म्हणजे कर्ज. त्यात एक 'बी' आहे. जुन्या इंग्रजीत तो लिहीतही नव्हते. पुढे पंडितांना आठवलं की शब्दाचं मूळ घराणं लॅटिन, 'डेबिटम', म्हणून त्यांनी 'बी' आणून बसवला. त्याला उच्चारायचं नाही. भिंतीवरच्या पणजोबांच्या तसबिरीसारखा तो नुसता असतो. 'रिसीट'मधला 'पी' हे त्याच भिंतीवरचे दुसरे पणजोबा. 'कर्नल'चं तर काय सांगावं! उच्चार जुन्या फ्रेंचांकडून आलेला, स्पेलिंग इटालियन वळणाचं. दोन 'एल'पैकी मधल्याने 'आर'चं काम करायचं आणि वर कुणी विचारलं तर गप्प बसायचं.

बरं, कोशात उच्चार दिलेला असतो तो अशा लिपीत की तिच्यासाठी आणखी एक वही घालावी. तिच्यात एक उलटा 'ई' सारखा भेटतो. पुष्कळ दिवस मला तो छापखान्याचा निष्काळजीपणा वाटला. तो निघाला आपला 'अ', जवळजवळ घरचाच माणूस! इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच म्हणे. म्हणजे ज्या-ज्या ठिकाणी मी इमानेइतबारे तोंड वाकडं करून 'ए', 'ओ', 'इ' म्हणत आलो, तिथे बऱ्याचदा नुसतं 'अ' म्हणून भागलं असतं. शिवाय शब्दाच्या वरच्या अंगाला एक बारीकशी उभी रेघ असते. ती मी आधी धूळ समजून फुंकली, मग नखाने खरवडली. ती आघाताची खूण. तिच्या पुढच्या अक्षरावर जोर द्यायचा. 'रेकॉर्ड'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असला तर ते नाम, दुसऱ्यावर गेला तर क्रियापद. मी सराव करत होतो तेव्हा मुलगी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तू त्या शब्दाला दम का देतोयस?"

पण चारचौघांत चूक व्हायची ती झालीच. 'एपिटोम', म्हणजे मूर्तिमंत नमुना, हा शब्द मी तीन आठवडे खिशात घेऊन फिरत होतो. बैठकीत संधी आली आणि मी फेकला. कुणी हसलं नाही. पाच मिनिटांनी साहेब खिडकीबाहेर बघत, काही संबंध नसताना म्हणाले, "द इपिटमी ऑफ पेशन्स." तोंडावर चूक दाखवली असती तर बरं झालं असतं. शब्द असा धुऊन, इस्त्री करून परत मिळाला की तो घ्यायला हात पुढे होत नाही.

त्या रात्री मला 'डॉर्ड'ने आधार दिला. वेबस्टरच्या 1934 सालच्या जाडजूड कोशात 'डॉर्ड' नावाचा शब्द होता. अर्थ : घनता. उच्चारसुद्धा दिलेला. प्रत्यक्षात असा शब्द जगात नव्हताच. 'मोठा डी किंवा छोटा डी, म्हणजे घनता' अशी संक्षेपाची एक चिठ्ठी होती. 'डी ऑर डी' ही अक्षरं एकमेकांना चिकटली आणि शब्द जन्माला आला. 1939 साली एका संपादकाच्या लक्षात आलं, की याची व्युत्पत्तीच कुठे दिलेली नाही. म्हणजे पाच वर्षं हा गडी आई-बापांचा पत्ता न देता थोरामोठ्यांच्या पंगतीत बसून होता. मी माझ्या वहीत त्याला मानाने जागा दिली. चारही रकाने भरले. न चुकता येणारा माझा हा एकमेव शब्द.

आता चौथा रकाना. कोशातली उदाहरणाची वाक्यं मला कधीच मानवली नाहीत. त्या वाक्यांतली माणसं सदा जहाज सोडून देतात, पदाचा राजीनामा देतात, नाहीतर पुतण्याच्या नावे इस्टेट करतात. माझ्याकडे जहाज नाही, इस्टेट नाही आणि पुतण्याचीही तशी काही अपेक्षा दिसत नाही. शिकवणारे सगळे सांगतात, वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं करा, शब्द कायमचा लक्षात राहतो. मला ते पटलं. आणि माझ्या जागेपणीच्या आयुष्यात घरच्या माणसांपेक्षाही जास्त वेळ जी व्यक्ती समोर असते, तिलाच मी कर्त्याच्या जागी बसवू लागलो.

पद्धत भलतीच गुणकारी ठरली. फॅस्टिडियस : साहेब. ऑब्स्टिनेट : साहेब. ओव्हरसाइट : साहेब, दोन्ही अर्थांनी, दोन वाक्यं. 'बेनेव्हलंट' म्हणजे कनवाळू, तिथे नकारार्थी वाक्य केलं. शब्द धडाधड पाठ होऊ लागले. हात इतका बसला, की साहेबांना न बसणारा शब्द दिसला की मी तो गाळून पुढे जायचो. 'पॉम्पस' म्हणजे बडेजाव मिरवणारा, त्याला तर अर्थही पाहावा लागला नाही. लिहिलं, 'अवर बॉस इज पॉम्पस मॅन.'

शुक्रवारी बैठक संपवून जागेवर आलो आणि पिशवीत हात घातला. वही नव्हती.

बैठकीच्या खोलीत धावलो. टेबलाखाली पाहिलं, खुर्च्यांखाली पाहिलं. शनिवार-रविवार कसे गेले ते कुठल्याही कोशातल्या कुठल्याही शब्दात बसणार नाही. सोमवारी सकाळी वही माझ्या टेबलावर होती, चौकोनी नीट ठेवलेली. केबिनचं दार बंद होतं.

उघडली. पानापानावर लाल शाई. मजकुराबद्दल कुठेही एक अक्षर नाही. 'फॅस्टिडियस'च्या स्पेलिंगमधला गळालेला 'आय' भरला होता. बेनेव्हलंटच्या वाक्यातला काळ सुधारला होता. 'डॉर्ड'पुढे प्रश्नचिन्ह. 'पॉम्पस'च्या उच्चारात मी आघाताची रेघ दुसऱ्या अक्षरामागे दिली होती, ती खोडून पहिल्यामागे नेली होती. आणि वाक्यात, 'पॉम्पस मॅन'च्या आधी, काकपद करून वर एक टपोरा 'अ' घातला होता. आर्टिकल राहिलं होतं.

शेवटच्या पानावर, माझ्या शेवटच्या ओळीखाली, पहिल्या रकान्यात त्याच लाल शाईत एक नवा शब्द : एल, आय, बी, ई, एल. पुढचे तीन रकाने माझ्यासाठी कोरे सोडले होते.

उच्चार सोपा निघाला, लायबल. अर्थ कोशात पाहिला : लेखी बदनामी, अब्रूनुकसानी. दोन्ही रकाने सुवाच्य अक्षरात भरले. चौथा अजून भरलेला नाही.