गुडघा डावा की उजवा?

एका बर्थपायी मी परवा एका गृहस्थांना रात्रभर धन्यवाद देत होते. आणखी एकदा म्हणायला लावलं असतं, तर साखळीच ओढली असती.

निघालो होतो गोव्याला, कुलदेवीला. आई, मावशी, मी, नवरा, मुलं. आईचे गुडघे आणि मावशीचा वॉकर हे दोन जादा प्रवासी.

ज्येष्ठांसाठी गाडीत खालच्या बर्थचा कोटा असतो. पुरुष 60 चा हवा, बाई 45 ची चालते. म्हणजे मीही त्यात बसते. (तिकिटाची सवलत मार्च 2020 पासून बंद. म्हातारपण मात्र लवकर लागू.) पण या कोट्यात एका तिकिटावर फार तर दोघं, आणि दोघंही वयात बसणारी. तिसरं नाव घातलं, किंवा सोबत नातू टाकला, की कोटा गेला. थोडक्यात, म्हाताऱ्यांनी एकटं जावं. घरच्यांसोबत जायची हौस असेल, तर मधल्या बर्थवर चढावं.

म्हणून जाणते लोक दोन तिकिटं काढतात: दोघींचं कोट्यातून, बाकीच्यांचं वेगळं. 60 दिवस आधी, सकाळी 8 च्या ठोक्याला, दोन मोबाइलवर एकदम. नाहीतर आजी बी-2 मध्ये आणि तिच्या गोळ्यांची पिशवी बी-6 मध्ये. थ्री एसीच्या डब्यात कोट्याचे बर्थ जेमतेम चार-पाच. ते संपले, तर 'किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा' हा पर्याय निवडायचा. मग बर्थच्या नंबराला 8 ने भागायचं. बाकी 1 किंवा 4 उरली तर खालचा, 2 किंवा 5 मधला, 3 किंवा 6 वरचा. बाकी 7 आली म्हणून पेढे वाटू नका. तो बाजूचा खालचा. दोन सीटा पाडून झालेला, आणि मधली फट नेमकी कमरेखाली.

कोटा संपलेलाच होता. आईला 17, मावशीला 18. भागून बघा.

समोर 20 वर ते गृहस्थ. पस्तिशीचे, दंड टी-शर्टात न मावणारे. म्हटलं, "दादा, मावशींना मधल्यावर चढता येत नाही. बदलता का?"

"कुठला गुडघा?"

"उजवा."

"ऑपरेशन झालंय?"

"झालंय."

"मग चढता यायला पाहिजे."

"डाव्याचं व्हायचंय."

"म्हणजे अजून तेवढा दुखत नसणार."

मावशी बिचारी साडी सावरून व्रण दाखवायला निघाली. त्यांनी तो मोबाइलच्या उजेडात, वाकून, नीट पाहिलासुद्धा! "टाके छान घातलेत," म्हणाले. मग त्यांची आजी निघाली: वय एक्क्याण्णव, अजून विहिरीचं पाणी शेंदते. "सवय लावावी लागते हो. तुम्ही लोक यांना फार जपता." पाठोपाठ सल्ला: "आणि इतक्या लांब न्यायचंच कशाला? दर्शन आता मोबाइलवर होतं." मावशीला ऐकू कमी येतं हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिला गुडघे नाहीत, कान आहेत.

चार्ट लागल्यावर एखादा खालचा बर्थ रिकामा उरला, तर टीसी तो ज्येष्ठांना देऊ शकतो. म्हणून मी टीसीला शोधायला उठले, तेवढ्यात त्या गृहस्थांना पाझर फुटला. "घ्या आजी, झोपा!" पाठोपाठ मावशीसोबत सेल्फी. पाठोपाठ आमचे बेसनलाडू. आणि मधल्या बर्थवरून दर स्टेशनाला, "आजी, आराम वाटतोय ना?" झोपलेल्या बाईला!

सकाळी सहाला बर्थ पाडायला हजर. झोपायची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा, नियम त्यांना तोंडपाठ. रात्री मात्र साडेअकरापर्यंत खालीच बसून लाडू खात होते, तेव्हा घड्याळ बंद असावं.

उतरणं हा वेगळाच प्रकार. थांबा दोन मिनिटांचा. त्यामुळे आधीचं स्टेशन सुटलं की दाराशी जायचं. व्हीलचेअर स्टेशन मास्तरच्या ऑफिसात आधी सांगून ठेवायची, डबा नेमका कुठे लागतो तेही सांगायचं, कारण ती डब्यात शिरत नाही. एक जण खाली, एक मागे, वॉकर सगळ्यात आधी खाली. पाय उतरताना दुखरा पुढे, चढताना चांगला पुढे. फलाट खोल असेल, तर डब्याकडे तोंड करून, दोन्ही दांडे धरून उलटं उतरायचं. मागून "चला, चला" करणाऱ्यांकडे अजिबात बघायचं नाही. यातल्या एकालाही वॉकर धरावासा वाटत नाही, याचा मला खरोखरच राग आहे.

देवळात रॅम्प आहे, हे मी फोन करून विचारून घेतलं होतं. व्हीलचेअरला एक फूट चढायला बारा फुटांचा उतार लागतो. दीड फुटाला अठरा. इथे दीड फुटाला चार होते. तिथून खुर्ची सरळ ढकलली तर मागे कलंडते, आणि उतरताना बसलेला माणूस पुढे घसरतो. तरीही दोघांनी धरून काढली असती, पण रॅम्पवर स्कूटर उभी होती. हँडल लॉक.

नारळवाला म्हणाला, "मालक दर्शनाला गेलेत."

रांग तासाभराची होती.