ब्लूगिल: 'मोठे घ्या, लहान सोडा' हा सल्ला उलटा आहे

मे महिन्यात अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या तलावांचं पाणी तापायला लागलं, की गळ टाकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरू लागतो. तिकडच्या मराठी मंडळींपर्यंतही तो पोचलाय. थोडक्यात असा: ब्लूगिल (गोड्या पाण्यातला लहान, चपटा मासा) बिनधास्त काढा. मोठे घ्या, पिल्लं सोडून द्या. मादी हजारोंनी अंडी घालते. मोठा मासा तसाही म्हातारा झालेला असतो. काही राज्यांत सरकारच दिवसाला 25 न्यायची परवानगी देतं. आणि जपानला तर हा मासा संपवता येत नाहीये, मग काळजी कसली?

आधी जपानचं बघू, कारण ती गोष्ट खरी आहे. 1960 साली जपानचे युवराज अकिहितो अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. खायला चांगला मासा म्हणून ते जपानमधल्या मत्स्यसंशोधन केंद्राकडे गेले, तिथून बाहेर पडले, बिवा सरोवरात पसरले आणि तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर उठले. 2007 मध्ये सम्राट अकिहितोंनी बिवाकाठी जाहीर खेद व्यक्त केला. जनुकीय तपासणीत तर जपानभरचे ब्लूगिल अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून गेलेल्या त्या मूठभर माशांचेच वंशज निघाले. तेव्हा ब्लूगिल सहजी संपत नाही, हे मान्य. पण संपण्याबद्दल भांडण नाहीच. ब्लूगिल भरपूर असलेल्या तलावात हाताच्या पंजाएवढा एकही न उरणं, ही खरी तक्रार आहे. हजारो अंड्यांचा मुद्दाही इथेच निकालात निघतो: अंड्यांनी संख्या भरून येते, आकार नाही.

आता 'लहान म्हणजे पिल्लू'. माशाचं वय लांबीवरून कळत नाही. ते खवल्यांवरून किंवा कानातल्या ऑटोलिथ नावाच्या खड्यावरच्या वलयांवरून मोजतात. गर्दीच्या, खाद्य अपुरं पडणाऱ्या तलावात पाच इंची ब्लूगिल चांगला प्रौढ, कित्येकदा विणीचे दोन-तीन हंगाम पाहिलेला असतो. त्याला 'जा बाळा, मोठा हो' म्हणून सोडून काही होत नाही. तो व्हायचा तेवढा होऊन बसलाय.

आणि मोठा म्हणजे म्हातारा? इथेच सल्ला सगळ्यात जास्त चुकतो.

ब्लूगिलमध्ये घर सांभाळतो तो नर. पाणी साधारण 20 अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की उथळ, वाळूच्या तळावर नर शेपटीने खळगे करतात, तेही एकमेकांना लागून. वरून पाहिलं की तळाला देवीचे व्रण उठल्यासारखे दिसतात. मादी अंडी घालून निघून जाते. मग नर राहतो: परांनी पाणी हलवून अंड्यांना हवा देतो, बुरशी धरू देत नाही, अंडी खायला आलेल्यांना हुसकावतो. या दिवसांत त्याचं खाणं जवळपास बंद असतं. तरी तो गळाला लागतो, कारण घरट्यावर आलेल्या कशावरही तुटून पडतो. ज्याला आपण 'आज काय मस्त लागतायत' म्हणतो, तो पुष्कळदा बापाचा राग असतो.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या ओपिनिकॉन तलावावर मार्ट ग्रॉस या शास्त्रज्ञांनी या माशांचा अभ्यास केला. तिथे घरटं करणारे नर साधारण सात वर्षांचे झाल्यावर वयात येतात. त्याच तलावात ब्लूगिलचेच दुसऱ्या तऱ्हेचे नर दोन वर्षांतच तयार होतात. ते घरटं करत नाहीत. ऐन वेळी घुसून आपला कार्यभाग उरकतात, आणि थोडे वाढले की चक्क मादीसारखे वागून आत शिरतात. पिल्लं मात्र सांभाळतो तो मोठा नरच. फुकट्यांचा संसारसुद्धा त्याच्याच जिवावर!

गळ टाकणाऱ्यांच्या कामाची गोष्ट पुढे आहे. इलिनॉयमधल्या संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या कामात असं दिसलं, की मोठे नर आसपास असतील तर लहान नर वयात यायची घाई करत नाहीत. घरट्याची जागा मिळणारच नसते, मग ताकद अंगाच्या वाढीला लागते. मोठे नर काढून घेतले की हेच लहान नर लवकर वयात येतात, ताकद विणीत खर्च होते आणि वाढ मंदावते. म्हणजे आपण बादलीभर मोठे मासे नेतो तेव्हा मागे उरलेल्यांनाही लहानपणीच संसाराला लावतो.

25 चा आकडा ही कायद्याची मर्यादा आहे, तेवढे नेलेच पाहिजेत असा आग्रह नाही. शिवाय जिथे हा आकडा चालत आलाय तिथेच तो बदलू लागलाय. विस्कॉन्सिनने 2016 पासून काही तलावांवर मे-जूनमध्ये एका जातीचे पाचच मासे न्यायचा नियम करून पाहिला. मिनेसोटाने निवडक तलावांवर सनफिशची (ब्लूगिल याच गटातला) मर्यादा 20 वरून 10 किंवा 5 केली. मोठे मासे टिकावेत, हाच त्यामागचा हिशोब.

मग हा सल्ला आला कुठून? मला वाटतं, शेततळ्यांतून. अलाबामातल्या ऑबर्नमध्ये मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी तळ्यात लार्जमाउथ बास (ब्लूगिल खाणारा शिकारी मासा) आणि ब्लूगिल एकत्र सोडण्याची पद्धत बसवली. बास कमी पडले की अशा तळ्यात ब्लूगिलची बेसुमार गर्दी होते आणि ते काढावेच लागतात. पण तिथेही काढायचे असतात ते लहान आणि मधले. सल्ल्यातला 'भरपूर काढा' तेवढा पुढे आला, 'कुठले' ते वाटेत गळून पडलं.

खायला न्यायचे तर सहा-सात इंचांचे न्या. रवा लावून तव्यावर अख्खा मासा बसतो तोही याच आकाराचा. विणीच्या दिवसांत छाती तांबूस-केशरी झालेला, अंगाने गडद, रुंद मासा लागला तर तो बहुतेक घरट्यावरचा नर. त्याला लवकर सोडा, कारण तो पाण्याबाहेर असताना शेजारचे मासे अंड्यांवर ताव मारत असतात. गळ पोटात गेला असेल तर ओढून काढू नका, दोरी तोंडाशी कापा. रक्त येत असेल तर मात्र तो मोठा असला तरी घरी न्या, सोडून वाचायचा नाही.