चीनचे ते ७५ टक्के

धरमपेठेतल्या आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय: ‘जगातलं ७५ टक्के बिटकॉइन मायनिंग आजही चीनमध्येच.’ (मायनिंग म्हणजे संगणकी यंत्रं सतत चालवून बिटकॉइन हे डिजिटल चलन मिळवणं.) तर्री-पोह्यांवर वादही झाला. आकडा खोटा नाही, शिळा आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या मायनिंगच्या नकाशात सप्टेंबर २०१९मध्ये चीनचा वाटा तेवढा होता. २०२१मध्ये तिथे बंदी आली. जुलैत वाटा शून्य, सप्टेंबरात परत २२ टक्क्यांवर! यंत्रं काय, उन्हाळा लागल्यावर आपले कूलर उतरवतो तशी माळ्यावरून खाली आली? मुळात हा नकाशा मोजक्याच मायनिंग पूलना (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटांना) जोडलेल्या यंत्रांच्या आयपी, म्हणजे इंटरनेटवरच्या, पत्त्यांवरून बनतो. खरा पत्ता लपवणारं व्हीपीएन लावलं की चीनमधलं यंत्र जर्मनीतही दिसू शकतं. जानेवारी २०२२मध्ये पहिला नंबर अमेरिकेचा, सुमारे ३८ टक्के. मेसेज पुढे ढकलणाऱ्या काकांनी निदान साल तरी टाकावं.