तेनोच्तित्लानचा बॅटमॅन आणि आपले फितूर

सप्टेंबर २०२५ मध्ये मेक्सिको सिटीतल्या थिएटरात लेकीबरोबर 'बॅटमॅन अझतेका' पाहिला, त्याला बरेच महिने झाले. तरी तो डोक्यातून जात नाही. हा ॲनिमेशनपट आहे. योहुआली कोआत्ल हा अझ्टेक मुलगा, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या लोकांपैकी. त्याच्या वडिलांना स्पॅनिश आक्रमक ठार मारतात. मुलगा पळून राजधानी तेनोच्तित्लानला, म्हणजे आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी, येतो, राजा मोक्तेसुमाला सावध करू पाहतो आणि त्सिनाकान या वटवाघूळ-देवाच्या देवळात आपला तळ उभारतो. अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत योहुआली म्हणजे रात्र. अमेरिकेत १९३९ साली जन्मलेला बॅटमॅन इथे सोळाव्या शतकात जाऊन बसला आहे आणि दुतोंडी खलनायक टू-फेसच्या जागी आहे अझ्टेक साम्राज्य जिंकणारा स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस. त्याला आवाज दिलाय अल्वारो मोर्ते या स्पॅनिश नटाने. त्याने तोंड उघडलं की त्याचे स्पेनचे उच्चार ऐकून आमच्या पुढच्या रांगेतली पोरं एकदम सावरून बसत होती.

हा सिनेमा पैशाने अमेरिकेचा आणि हाताने मेक्सिकोचा. अनिमा या इथल्याच स्टुडिओने तो काढला आणि अझ्टेक जग नीट उभं राहावं म्हणून इतिहासकाराचा सल्ला घेतला. २०२२ साली त्याची घोषणा झाली तेव्हापासूनच स्पेनमधले काहीजण नाराज होते. कोर्तेसला नुसता राक्षस केलात, नरबळी विसरलात, अझ्टेकांवर चिडून त्याला मिळालेली इतर राज्यं विसरलात, असं त्यांचं म्हणणं. इथे ही जखम अजून ओली आहे. स्पेनने मेक्सिको जिंकला त्या काळातल्या अत्याचारांबद्दल माफी मागा, असं पत्र मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१९ मध्ये स्पेनच्या राजाला लिहिलं होतं. स्पेनने नकार दिला. म्हणून २०२४ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला राजाला बोलावलंच नाही.

एवढं सगळं असूनही सिनेमा लागला आणि चालला. खेळ बंद पाडायला कुणी आल्याचं मी तरी इथे ऐकलं नाही.

त्याच वर्षी जानेवारीत आमच्या घरच्या ग्रुपवर 'छावा'तल्या लेझीमवरून रण पेटलं होतं. ट्रेलरमध्ये संभाजीमहाराज लेझीम खेळताना दिसले, आक्षेप आले, दिग्दर्शकांनी ते दृश्य काढलं. वेंगुर्ल्याचा माझा भाऊ काढलं ते बरं झालं, या मताचा. "अगो, महाराज काय नाचूक ठेवलेत?" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचं दुखणं मला कळतं. औरंगजेबापुढे ज्याने तसे हाल सोसले, त्या राजाला बघताना मन हळवं होणारच. पण मला वाटतं आपण फार लहान ठिकाणी अडलो. पाय थिरकले का, हा प्रश्न आपण विचारला. त्या काळचा माणूस जगत कसा होता, हे विचारायचं राहून गेलं.

सुरुवातीला बारीक अक्षरांत 'कल्पनेचे स्वातंत्र्य घेतले आहे' अशी पाटी दाखवायची आणि पुढचे अडीच तास 'हेच घडलं' अशा सुरात बोलायचं, ही आपल्याकडची रीत मला अप्रामाणिक वाटते. प्रेक्षक ती पाटी विसरतो, सूर घरी नेतो. अझ्टेक बॅटमॅन पाहून कुठलंही मूल 'असं झालं होतं' म्हणत बाहेर पडत नाही. माझ्या लेकीने बाहेर पडल्यावर पहिला प्रश्न केला, "मग खरं काय झालं?" पुढच्या रविवारी आम्ही तेम्प्लो मायोर बघायला गेलो. भर चौकाला लागून अझ्टेकांच्या मुख्य देवळाचे अवशेष आहेत. १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना तिथे तुकडे केलेल्या देवीची प्रचंड शिळा लागली आणि मग पुढचं उत्खनन झालं. तिथून आम्ही याच शहरातल्या त्लातेलोल्कोला गेलो. तिथल्या शिळेवर १३ ऑगस्ट १५२१ या, स्पॅनिशांनी शहर घेतलं त्या दिवसाबद्दल कोरलंय की तो विजयही नव्हता आणि पराभवही नव्हता, आजच्या मेक्सिकोच्या मिश्र जनतेचा तो वेदनामय जन्म होता. लेकीने ते दोनदा वाचलं.

पण सिनेमाशी माझं एका बाबतीत जमत नाही. त्याच्या पूर्ण नावातच 'साम्राज्यांची टक्कर' आहे आणि दोघांची टक्कर म्हटली की मधले दिसेनासे होतात. तेनोच्तित्लान काही शे स्पॅनिशांनी एकट्याने पाडलं नाही. शेजारच्या त्लास्काला राज्याचे हजारो योद्धे त्यांच्या बरोबर होते, आणि त्याआधी देवी रोगाच्या साथीने शहर पोखरलं होतं. माझी शेजारीण त्लास्कालाची. लहानपणापासून 'गद्दारांच्या गावची' असं ऐकत आली. ती म्हणाली, आमचे लोक मेक्सिकोशी बेइमान कसे होतील, तेव्हा मेक्सिको होतंच कुठे? अझ्टेक त्यांचे शत्रू होते. हे ऐकताना मला शिर्के आठवले. 'छावा' लागल्यावर त्यांच्या वंशजांनी 'आमच्या पूर्वजांना फितूर ठरवलंत' म्हणून हरकत घेतली आणि दिग्दर्शकांना माफी मागावी लागली. तेव्हा मी ती हरकत फारशी मनावर घेतली नव्हती. आता घेते. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा शिक्का आजच्या पोराच्या कपाळावर बसत असेल, तर तो मारताना हात थरथरायला हवा.

म्हणून मला आपल्याकडे असा उघड-कल्पित सिनेमा हवा आहे, आणि त्यात मधली माणसंही हवीत. विषय लांब नाही. तेनोच्तित्लान पडलं १५२१ मध्ये, पोर्तुगीज अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये. त्याला गोव्यावर चालून जा, असं सांगणारा होन्नावरकडचा तिमय्या इथलाच होता. आदिलशाहीशी त्याचं वैर होतं. तिमय्याला राक्षस न करता, त्याचं म्हणणं ऐकून, पोर्तुगीज परतवले गेले असते तर काय, हे कुणी चितारून दाखवेल का?

भावाला फोनवर हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बॅटमॅन कित्याक? आपलो वेताळ आसा मा." रात्री गावभर फिरून राखण करणारा, फिरून फिरून ज्याच्या वहाणा झिजतात आणि लोक ज्याला नव्या वाहतात, तो वेताळ. लेक स्पीकरवर ऐकत होती. तिने वही ओढली आणि आधी चपलाच काढल्या, टाचेशी झिजलेल्या.