थर्सडेचं नाव मॉर्सने कधीच का घेतलं नाही? (काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

काका, आधी सॉरी, उत्तराला आठ दिवस लागले. तुमची कमेंट एवढी मोठी आहे की खाली दोन ओळी टाकून सुटणं बरं दिसलं नसतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा लागली पण. (तुम्ही लिहिलंय की १९९१ला लीड्सला नोकरीला होतात आणि तेव्हापासून ‘इन्स्पेक्टर मॉर्स’, म्हणजे ऑक्सफर्डच्या डिटेक्टिव्हची ती जुनी ब्रिटिश टीव्ही मालिका, बघताय, म्हणून सरळ काकाच म्हणतोय, चालवून घ्या.)

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मागच्या पोस्टमध्ये म्हटलं होतं की मला ‘एन्डेव्हर’, म्हणजे तरुण मॉर्सची मालिका, मूळ मालिकेपेक्षा जास्त जवळची वाटते. त्यावर काकांचं म्हणणं असं, की हे प्रीक्वेल म्हणजे जुन्या पुण्याईवर दुकान चालवणं आहे, हिरो मरणार नाही हे माहीत असताना कसला आलाय सस्पेन्स, तरुण मॉर्स झालेला शॉन इव्हान्स कुठल्याच अँगलने मूळ मॉर्स, म्हणजे जॉन थॉ, वाटत नाही, आणि मुख्य म्हणजे “जो फ्रेड थर्सडे त्याला बापासारखा होता म्हणता, त्याचं नाव मूळच्या ३३ भागांत एकदाही निघत नाही, हे भगदाड तुम्हाला दिसत नाही का?” (थर्सडे म्हणजे एन्डेव्हरमधला तरुण मॉर्सचा पोलिसातला साहेब.) शेवटी “कौतुक करायचंच ठरवलं असेल तर काय बोलणार” असा टोला. बरं.

पुढे शेवटच्या भागापर्यंतचं सगळं फोडणार आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी इथूनच परत फिरा.

चूक आधी कबूल करतो. पायलट भाग मूळ मालिकेला २० वर्षं झाली म्हणून काढला असं मी लिहिलं होतं, ते २५ पाहिजे. मॉर्स सुरू झाली जानेवारी १९८७ला आणि एन्डेव्हरचा पहिला भाग आला २ जानेवारी २०१२ला. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय, थँक्यू.

आता “मूळ मॉर्सची मोडतोड केली” हे जे तुम्ही म्हणता त्यात मला एक गंमत वाटते. मूळ म्हणजे कुठलं मूळ? मॉर्स ज्याने लिहिला त्या कॉलिन डेक्स्टरचं पहिलं पुस्तक १९७५चं, त्यात मॉर्स लान्सिया चालवतो, जॅग्वार नाही. आणि पुस्तकातला लुईस, म्हणजे मॉर्सचा हाताखालचा सार्जंट, वेल्सचा, चांगला वयस्कर माणूस. टीव्हीवाल्यांनी लाल जॅग्वार आणली, लुईसला तरुण केला, न्यूकॅसलकडचा केला, आणि लोकांना ते इतकं पटलं की पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये लान्सियाची जॅग्वार झाली. म्हणजे तुम्ही ज्याला अस्सल म्हणून कवटाळून बसलाय, त्याच्यावर १९८७ला एखाद्या पुस्तकवाल्या काकांनी अगदी तुमच्यासारखंच पत्र लिहून बोटं मोडली असणार, मला खात्री आहे.

शॉन इव्हान्स थॉसारखा वाटत नाही हे शंभर टक्के मान्य, आणि माझ्या मते त्याने सगळ्यात शहाणपणाचं काम तेच केलं, नक्कल केलीच नाही. थॉचा तो घोगरा चिडका आवाज, ते लुईसवर खेकसणं, ते सगळं हा तिशीतला मुलगा करायला लागला असता तर गणपतीतल्या मिमिक्रीच्या कार्यक्रमासारखं झालं असतं. त्याऐवजी हा बुजरा, अंगाने काटकुळा, शवविच्छेदनाला गेला की चक्कर येऊन पडणारा, दारू न पिणारा. हो, न पिणारा! पायलटमध्ये त्या चकरेनंतर थर्सडेच त्याला पबमध्ये नेऊन पहिला ग्लास पाजतो. हे बघून मग जुन्या मालिकेतला तो कायम पबमध्ये बसलेला आणि बिलाच्या वेळी लुईसकडे बघणारा मॉर्स बघा, मला तरी पूर्वीसारखं नुसतं हसू येत नाही आता.

त्याच पायलटचा शेवट आठवा. दोघं गाडीत बसलेत, १९६५ साल आहे, थर्सडे विचारतो वीस वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस, पोरगा मान वर करून आरशात बघतो आणि आरशात डोळे असतात जॉन थॉचे, आणि मागून संगीतकार बॅरिंग्टन फेलाँगची मूळ मालिकेतली ती ओळखीची धून चढत जाते. थॉ तर २००२लाच गेलेला. तुम्ही याला स्वस्तातली युक्ती म्हटलंय. असेल, पण माझ्या अंगावर काटा आला होता आणि तुमच्याही आला असणार, उगाच नाही म्हणू नका. आणि त्याच्या आधी ऑक्सफर्ड मेलची ती संपादकबाई मॉर्सला विचारते ना की आपण आधी कुठे भेटलोय का, ती ॲबिगेल थॉ, जॉन थॉची सख्खी मुलगी. तिच्या पात्राचं नाव काय ठेवलंय तर डोरोथिया फ्रॅझिल, म्हणजे डी. फ्रॅझिल. फ्रॅझिल म्हणजे पाण्यात धरतो तो बारीक बर्फ, त्याच्या आधी ‘डी’ लावला की बर्फ घालवणे, आणि बर्फ वितळण्याला इंग्रजीत म्हणतात थॉ. शब्दकोडी सोडवणाऱ्या डिटेक्टिव्हच्या मालिकेत नटाच्या आडनावाचं कोडं करून लपवणारा माणूस नुसता दुकान चालवायला बसला असेल असं मला वाटत नाही. सगळे ३६ भाग एकट्या रसेल लुईसने लिहिलेत, पायलटपासून मार्च २०२३च्या शेवटच्या भागापर्यंत. आपल्याकडे एका डेली सोपला किती जण लिहितात ते जाऊ दे.

आता सस्पेन्स. आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’चा पहिला सीझन अण्णा नाईकांच्या मरणानेच सुरू झाला होता आणि दुसऱ्यात तेच अण्णा जिवंत, आणि सगळा महाराष्ट्र बघत बसला होता, तेव्हा कोणी म्हटलं का की मरणार हे माहितीये मग कशाला बघायचं? मॉर्स वाचणार हे कळतंच. पण काका, थर्सडे वाचणार हे कुठे माहीत होतं? मूळ मालिकेत त्याचं नाव नाही म्हणजे त्याचं काहीही होऊ शकतं. २०१४ला दुसऱ्या सीझनच्या शेवटी थर्सडेला गोळी लागली, मॉर्स खोट्या आरोपात आत गेला, आणि पुढचा सीझन यायला २०१६चा जानेवारी उजाडला. तेवढा वेळ लोक हेच चघळत होते, मेला असणार, म्हणून तर पुढे नाव निघत नाही. मग तो वाचला, पण गोळी छातीतच राहिलेली, आणि तिसऱ्या सीझनमध्ये तो नुसता खोकला तरी पोटात गोळा यायचा. तुम्ही ज्याला भगदाड म्हणता त्याच भगदाडावर सगळ्यांना इतकी वर्षं लटकवून ठेवलं होतं की.

आणि शेवटी रसेल लुईसने ते भगदाड बुजवलं पण. तुम्ही लिहिलंय “ओढूनताणून जुळवलं”. थर्सडेच्या हातून खून झालाय, स्वतःच्या पोराला वाचवताना, आणि हे शोधून काढतो कोण तर ज्याला त्याने शोधायला शिकवलं तोच. मग मॉर्स काय करणार? पकडून देणार नाही. गप्प बसणार, कायमचा. थर्सडे ऑक्सफर्ड सोडून जातो आणि त्यानंतर त्याचं नाव काढणं म्हणजे कोणाच्या तरी मनात प्रश्न जागा करणं. म्हणजे १९८७ ते २००० लुईसने कितीही वेळा गाडी चालवत शेजारी बसून गप्पा मारल्या तरी हा माणूस त्याला सांगू शकत नाही की मला कोणी घडवलं. मूळ ३३ भागांतला एकही सीन न बदलता त्या सगळ्या सीन्समध्ये एक न बोललेली गोष्ट नेऊन ठेवली. ओढूनताणून असेल तर अशी ओढाताण मला रोज चालेल.

तुमच्या दोन मुद्द्यांवर मात्र मी तुमच्याच बाजूने. सातवा सीझन, ते व्हेनिस, ती मॉर्सची प्रेयसी व्हायोलेटा, तो ऑपेरासारखा सगळा थाट, मला पण नाही झेपलं. तिथे मॉर्स आणि थर्सडे एकमेकांशी इतकं तुसडेपणाने वागतात की बघवत नाही. आणि सहाव्या सीझनमधल्या मॉर्सच्या मिशीबद्दल काय बोलू. २०१९ला पहिला भाग आला तेव्हा खुनाची चर्चा बाजूला राहिली आणि इंटरनेटभर मिशी, मिशी आणि मिशी.

थर्सडेची मुलगी जोन, तिच्या मॉर्सच्या सहकाऱ्याशी, स्ट्रेंजशी झालेल्या लग्नाबद्दल मात्र नाही पटलं. तुम्ही म्हणता “इतकी वर्षं झुलवून पोरगी स्ट्रेंजच्या गळ्यात बांधली”. अहो, मॉर्स तिला सगळं बोलून टाकतो असं दाखवून मग कळतं की ते त्याच्या मनातच चाललं होतं, तोंडातून काहीच निघालेलं नाही. हाच तर तुमचा लाडका मॉर्स! ३३ भागांत कुठल्या बाईला वेळेवर काही बोललाय तो?

एक सीन तुम्ही कमेंटमध्ये कुठेच धरला नाही म्हणून सांगतो, पहिल्याच सीझनमधला. खुनांची मालिका संपलीये, गच्चीवर दोघं उभे, मॉर्स हादरलेला, विचारतो की तुम्ही हे सगळं कुठे ठेवता. थर्सडेचा नियम ठरलेला, घरात शिरताना टोपी जिथे टांगायची तिथेच काम पण टांगून ठेवायचं, बायकोपोरांपर्यंत न्यायचं नाही. पण या पोराला ना बायको ना पोरं. मग तो म्हणतो, घरी जा, तुझी सगळ्यात आवडती रेकॉर्ड लाव, जेवढी मोठ्याने वाजेल तेवढी, आणि प्रत्येक सुराला लक्षात ठेव की अंधाराला एवढं तरी तुझ्याकडून नेता आलं नाही. हे ऐकल्यावर मी परत जुन्या मालिकेकडे गेलो. तो म्हातारा होत चाललेला मॉर्स एकटाच घरी, हातात ग्लास, वॅग्नर मोठ्याने लावलेला. पूर्वी मला तो शिष्टपणा वाटायचा. आता वाटतं, कोणाचं तरी ऐकतोय अजून.

आणि एक, आमच्या आईचं. तिने मूळ मॉर्स पाहिलेलीच नाही, सबटायटल वाचत माझ्याबरोबर एन्डेव्हरच बघितली, त्यामुळे आरशातले ते डोळे आले तेव्हा तिने “हा कोण आता मध्येच?” असं विचारलं होतं आणि मला पॉज करून पाच मिनिटं समजवावं लागलं. तिच्यासाठी हिरो थर्सडेच. त्याची बायको विन त्याला रोज सँडविच बांधून देते, वार ठरलेले, सोमवारी चीज आणि पिकल, आणि मॉर्स ते न बघता ओळखतो, तर आई पण तो कागद उघडायच्या आधी “आज डब्यात काय?” म्हणून माझ्याशी पैज लावायची. शेवटचा भाग संपला, नावं वर जायला लागली, मी जॅग्वार बघून डोळे पुसत होतो, ती माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हणजे हा नंतर त्याला भेटायला एकदा पण गेला नाही? एवढ्या वर्षांत?”

नाही गेला म्हटलं. तर म्हणे, “मग आता तुझी ती जुनी लाव, बघू कसा राहिला ते.”

दुसऱ्या भागापर्यंत आलोय आम्ही काका.