मुलुंड सुटल्यानंतर

आज सकाळी भांडुप आणि विक्रोळी यांच्या दरम्यान एका अनोळखी गृहस्थांनी भर डब्यात माझ्या वाचनाच्या वेगाविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली, आणि हे लिहायला बसेपर्यंत माझा राग पुरता उतरलेला नाही.

रोज दहा पाने वाचली तर वर्षाला ३६५० पाने, म्हणजे तीनशे पानांची बारा पुस्तके होतात, हा हिशेब मी जानेवारीत मांडला होता. नवी सवय एखाद्या जुन्या सवयीच्या दाव्याला बांधावी लागते, म्हणून पुस्तक जेवणाच्या डब्याशेजारी, फोन सॅकच्या तळाशी आणि मुलुंड सुटले की पुस्तक उघडायचे, असा नियम केला. ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचायला तासभर घेते, तेवढ्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकूनही दहा पाने सहज होतात.

पुस्तक मात्र वाचनालयाचेच हवे. विकत घेतलेली चाळीसेक पुस्तके घरी कपाटात सुखाने निवृत्तीचे दिवस काढत आहेत, कारण ती परत करण्याची तारीख कोणी घालून दिलेली नाही. ठाण्यातले मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून लोकांना पुस्तके देत आले आहे, आणि माझ्यासारख्या आळशी वाचकाकडून वाचून घेण्याचे खरे काम परतीची तारीख करते, असे माझे मत आहे.

तर ते गृहस्थ. तिसऱ्या सीटवर बसणारे, साठीकडे झुकलेले. पहिले काही दिवस ते तिरप्या नजरेने माझ्या पुस्तकात डोकावत. मग एकदा कांजुरमार्गला त्यांनी अत्यंत नम्रपणे, "साहेब, पुस्तक जरा वर धरता का? चष्म्याचा खालचा भाग लागतो," अशी विनंती केली. मी धरले, आणि तिथेच चूक झाली. गेल्या मंगळवारी मी रजेवर होतो, तर बुधवारी त्यांनी खुलासा मागितला. "काल आला नाहीत. त्या मधल्या सुनेला माहेरी पाठवतात की नाही, याचा मला दिवसभर घोर."

आज कादंबरीत पाऊस लागला होता आणि मी तो चवीने वाचत होतो. इतक्यात पानाच्या कोपऱ्यावर त्यांचे बोट आले.

"हे पान घाटकोपरपर्यंत पुरवणार आहात का? माझं केव्हाच झालंय."

"वर्णन चांगलं आहे," मी म्हणालो.

"पावसाचं वर्णन काय वाचायचं? आपण पाऊस पाहिला नाही का? सोडून द्या आणि सुनेकडे चला."

डब्यात हशा पिकला. समोर कडीला लोंबकळणाऱ्या तरुणाने त्यात भर घातली, "काका, तुम्हाला निदान सुलट तरी दिसतंय. मी महिनाभर उलटं वाचतोय, मी कधी बोललो?" त्यानंतर मधल्या सुनेचे चुकले की सासूचे, यावर त्या दोघांची माझ्या डोक्यावरून कुर्ल्यापर्यंत चर्चा रंगली. माझे मत कोणी विचारले नाही. पुस्तक तेवढे स्थिर धरण्याची सूचना दोनदा मिळाली.

खरे सांगायचे तर चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. खिडकीजवळचा एक इसम इयरफोनशिवाय, पूर्ण आवाजात रील पाहत होता, रोजच पाहतो. त्याला कोणी 'आवाज कमी कर' असेही म्हणत नाही. हातात फोन असलेला माणूस खासगी आणि पुस्तक असलेला सार्वजनिक, हा कायदा कोणी केला? "परीक्षा आहे का?", "इतकं वाचून काय करता?", "डोळे जातील", हे सारे मी दहा पानांच्या माफक संकल्पापायी ऐकून घेतले आहे, आणि आता वेगाचीही तपासणी सुरू झाली.

म्हणून आज मी सूड उगवायचे ठरवले. कादंबरीची शेवटची अठरा पाने रात्री घरीच संपवायची आणि उद्या नवेच पुस्तक न्यायचे, म्हणजे त्या सुनेचे पुढे काय झाले हे तिसऱ्या सीटला जन्मात कळणार नाही. जेवण आटोपून साडेनऊला मी खुर्चीत बसलो. आता साडेदहा झाले आहेत, घरात शांतता आहे, पुस्तक समोर उघडे आहे आणि मुलुंड सुटल्याखेरीज मला एक ओळही वाचता येत नाही.